सामाईक वाटेवरची खडी

आमच्या आईनं काकाला कधी नाही म्हटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत अजून काही लोक म्हणतात की तिनं त्या आजारी माणसाला अडवून धरलं. अडवलं हे खरं. नाही म्हटलं हे साफ खोटं. नाही म्हणायला काही अक्कल लागत नाही, आईनं जे केलं त्याला लागते.

सुरुवात झाली ती काकू आमच्या दारात आली त्या सकाळी. काकू म्हणजे काकाची बायको. आमची दोन घरं एकाच आवारात, एकमेकांना लागून, मध्ये एक भिंत. तरी बाबा गेल्यापासून तिनं आमचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी आली, दोन्ही हात एकमेकांत गुंतवून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, यांना आता खुर्चीशिवाय हलता येत नाही. डॉक्टर म्हणालेत, रोज बाहेर न्या. घरात बसून राहिले तर अजून खचतील. हे म्हणतात, गेटपासूनची वाट पक्की करून घेऊ या. तुमचा होकार हवा."

आई चहा गाळत होती. हात जरासुद्धा हलला नाही तिचा. "करू की," ती म्हणाली. "पण एकदाच करायची तर नीट बघून करू. घाईत काही नको."

काकूला इतकं बरं वाटलं की ती तिथंच रडायची बाकी राहिली. ती गेल्यावर मी आईवर तुटून पडले. मी तिकीटखिडकीवर बसते, दिवसभर लोकांवर खेकसायची सवय आहे, घरी आल्यावर ती लगेच जात नाही. म्हटलं, "तुला वेड लागलंय का? त्याला हो म्हणालीस? त्या माणसाला?" काकाच्या तोंडावर मी तुम्ही म्हणते, पाठीमागं तो. तेवढा मान पुष्कळ झाला.

आई म्हणाली, "तू बघ नुसती." आणि शांतपणे चहा प्यायला बसली.

आता हे 'तो माणूस' प्रकरण काय ते सांगायला हवं.

आजोबांनी दोन मुलांना दोन घरं बांधून दिली, आणि गेटपासून दोन्ही दारांपर्यंतची गाडी जाईल एवढी रुंद, लांबलचक वाट सामाईक ठेवली. कागदावर लिहूनच ठेवलं, वाटेवर जे काही करायचं ते दोन्ही घरांच्या संमतीनं आणि निम्म्या निम्म्या खर्चानं. म्हातारा हुशार होता, पण आपल्या पोरांना ओळखत नव्हता. ती वाट कायम मातीचीच राहिली. एकाला डांबर हवं असलं की दुसऱ्याकडं पैसे नसायचे, आणि दुसऱ्याकडं असले की पहिल्याचं डोकं फिरलेलं असायचं.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आमच्या चौकातली औषधाच्या दुकानाची पाटी, बेकरीची, सायकलवाल्याची, सगळ्या त्यांच्या हातच्या. मोठा रुबाबदार माणूस. शिडीवर उभं राहून खालच्या लोकांशी गप्पा मारायचे, आणि लोक मान वर करून हसायचे. एक दिवस शिडी सरकली. कंबरेखाली सगळं संपलं. त्यांची खुर्ची घरात आली, तेव्हा आईच्या मनात एकच गोष्ट होती. ह्यांना रोज चौकात न्यायचं. आपल्या पाट्या बघतील, लोक भेटतील, माणूस उठून बसेल. त्यासाठी वाट पक्की व्हायला हवी होती. आई काकाकडं गेली. काका तेव्हा बँकेत रोखपाल होता, हात आखडता घेण्याचाच पगार मिळायचा त्याला. म्हणाला, "बघतो वहिनी, काहीतरी करतो."

आणि केलं त्यानं काहीतरी. आई कामावर गेली असताना ट्रकभर खडी आणून वाटेवर ओतली. बारीक नाही, चांगली मुठीएवढी खडी, पाऊल बुडेल इतका थर. म्हणे चिखल होणार नाही, आणि चोर आला तर आवाज येईल.

चाकाच्या खुर्चीला पुढं दोन लहान चाकं असतात. ती खडीत रुततात आणि तिथंच बसतात. मग मागून कितीही रेटा, माणूस पुढं पडतो, खुर्ची जागेवर. आम्ही फळ्या टाकून पाहिल्या. फळ्या डुगडुगल्या आणि बाबा एकदा कलंडले, तेव्हापासून फळ्या बंद. मग उचलून न्यायचं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी, आणि मध्ये तो धिप्पाड माणूस डोळे मिटून बसलेला. आईची कंबर तेव्हा गेली ती अजून नीट नाही. एका सुट्टीच्या दिवशी तिनं फावडं घेतलं आणि खडी बाजूला सारून खुर्चीपुरता पट्टा मोकळा केला. संध्याकाळपर्यंत खपली. दुसऱ्या दिवशी कामावरून आली तर खडी परत जागच्या जागी, वर दाताळ्यानं सारखी केलेली. दाताळं काकाच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं. लपवायचीसुद्धा लाज नाही.

बाबा रोज संध्याकाळी खिडकीशी बसून म्हणायचे, "सख्खा भाऊ असा निघाला. खडी टाकली हलकटानं." आणि आई म्हणायची, "मिळतील फळं त्यांची त्यांना." असं सहा वर्षं चाललं. शेवटी शेवटी आम्ही उचलायचं बंद केलं, बाबांनी विचारायचं बंद केलं. गेटपर्यंतच आमचा दम संपायचा, तिथून परत फिरायचो; चौक काही त्यांना दिसला नाही. त्याच खिडकीशी गेले. त्यानंतर मी काकाचं तोंड बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ती जावी म्हणून मी मुद्दाम बघायचे.

म्हणून सांगते, काकाला झटका आला, त्याचा डावा हात आणि डावा पाय गेला आणि त्याच्या घरात तशीच खुर्ची आली, तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? झाला.

आईचं काम काय होतं तेही ऐका, म्हणजे तिनं काय केलं ते कळेल. आई तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात होती. काऊंटरच्या आत उभी राहून गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवायची, आरसा धरायचा, "ही बरी वाटते की आधीची?" असं विचारायचं. दुकानात तिच्याइतकी विक्री कुणाची नव्हती. मी लहान असताना तिनं मला त्याचं गुपित सांगितलं होतं. गिऱ्हाइकाला तीन फ्रेमा दाखवल्या की ते एक घेऊन जातं. सात दाखवल्या की ते म्हणतं, घरी विचारून येतो. विकायचं असेल तेव्हा तिसऱ्यावर थांबायचं. एखादा उद्धट माणूस आला, त्याला काही विकायचंच नसलं, की आई अत्यंत गोड बोलून सातवी फ्रेम काढायची.

काकासाठी तिनं सातापासूनच सुरुवात केली.

पहिल्यांदा डांबरवाला आला. काका खिडकीत खुर्ची लावून बसला होता, आनंदानं मान हलवत होता. आईनं डांबरवाल्याला पाणी दिलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं. स्वस्त आहे, दोन दिवसांत होतं, गुळगुळीत. आई म्हणाली, "छान आहे. पण उन्हाळ्यात मऊ पडत नाही ना? भाऊजींच्या खुर्चीची चाकं बारीक असतात. एका जागी थांबले आणि रुतले तर?" डांबरवाला म्हणाला, कडक उन्हात थोडं मऊ होतं खरं. आई खिडकीकडं वळून म्हणाली, "भाऊजी, मला तुमच्याच काळजीनं विचारावंसं वाटलं हो." काका काय बोलणार? त्याच्या काळजीनं विचारलं होतं.

मग काँक्रीटवाला. आई म्हणाली, काँक्रीट उत्तम, पण तडा गेला की तडा दिसत राहतो, आणि पाण्याचा ढाळ चुकला तर कायमचा चुकला. ढाळ नेमका कुठं द्यायचा, त्यांच्या दाराकडं की आमच्या, की मधोमध? ह्यावर एक पूर्ण महिना गेला. मग छापाचं काँक्रीट, दगडासारखं दिसणारं. त्यात आईला रंग ठरवायचा होता. मग दगडी फरशी. ती पावसात निसरडी होते का, हे बघायला आईनं फरशीवाल्याकडून एक तुकडा मागून घेतला, आमच्या पायरीपाशी ठेवला आणि म्हणाली, आता पाऊस पडू दे. पाऊस पडायला बराच वेळ होता.

मग पेव्हर ब्लॉक. बाई गं, त्या ब्लॉकांचे आकार. चौकोनी, सहाकोनी, नागमोडी, विटेसारखे. ठेकेदार नमुने आणून आमच्या भिंतीशी मांडायचा, आणि आई प्रत्येक नमुना उचलून काकाच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवायची. "भाऊजी, हा बरा वाटतो की आधीचा?" तोच आवाज, तेच डोकं किंचित कलतं करणं. काका म्हणायचा, "कुठलाही चालेल, वहिनी." आई म्हणायची, "असं कसं? निम्मे पैसे तुमचे जाणार. नीट बघा. नाहीतर मागून तुम्हालाच वाटेल, वहिनींनी घाई केली."

मी तिकीटखिडकीवरून सुट्टी झाली की धावत घरी यायचे, आज काय झालं ते ऐकायला. आई सांगायची आणि मी पोट धरून हसायचे. तीही हसायची, पण तोंड मिटून. काकानं वकील गाठला असता तर आम्हाला जड गेलं असतं. पण वकिलाकडं जाऊन सांगणार काय? वहिनी नाही म्हणत नाहीत, अशी तक्रार करणार? ठेकेदाराच्याही नाकी नऊ आले, पण आई त्याला प्रत्येक वेळी चहा द्यायची आणि त्याच्या बायकोच्या डोळ्यांची विचारपूस करायची, त्यामुळं तो येत राहिला.

हिवाळा गेला. काकाची गालफडं बसली. आधी तो खिडकीत बसून येणाऱ्या प्रत्येक माणसाला हाक मारायचा. हळूहळू हाका कमी झाल्या. त्याचे बँकेतले जुने मित्र रोज सकाळी चौकातल्या बाकावर बसतात, हाही त्यांच्यात बसायचा. सुरुवातीला ते इकडं आले, खडीतून बूट खरवडत आले, कुरकुरले आणि मग येईनासे झाले. काकू एक दिवस मला गेटपाशी गाठून म्हणाली, "तू तरी आईला सांग. ते रात्रंदिवस त्या बाकाचं नाव घेतात." मी म्हटलं, "काकू, माझे बाबा पाट्यांचं नाव घेत नव्हते का?" तिनं माझ्याकडं विचित्र बघितलं, काहीतरी बोलणार होती, आणि बोलली नाही. मी ते मनावर घेतलं नाही. मला वाटलं, तिला उत्तर सुचलं नाही.

मग तो दुपारचा प्रकार झाला.

काकू बाजारात गेली होती. काकानं एका हातानं दार उघडलं, एका पायानं रेटत रेटत खुर्ची पायरीशेजारच्या उतारावरून खाली आणली आणि थेट खडीत घातली. किती पुढं गेला असेल? आमच्या दारासमोरून थोडा पुढं, गेट अजून लांब. पुढची चाकं रुतली. तो उजव्या हातानं चाक फिरवत राहिला आणि खुर्ची एकाच बाजूला वळत राहिली. मग दमला आणि थांबला. डोक्यावर रणरणतं ऊन. आम्ही दोघी आमच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होतो. त्यानं आमच्याकडं बघितलं, पण हाक मारली नाही.

मी उठले नाही. आईही उठली नाही. तिनं अजून दोन शेंगा सोलल्या, टरफलं टोपलीत टाकली, हात झटकले आणि मग उठून त्याच्याकडं गेली. मला वाटलं, आता ढकलते की काय. तर ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, अशी की तिची सावली त्याच्यावर पडू नये, आणि म्हणाली, "कसं वाटतं, भाऊजी?"

इतक्या वर्षांत तिनं हे एकच वाक्य गोड न बोलता म्हटलं. मी टोपली बाजूला ठेवली. मला एक अक्षर सोडायचं नव्हतं.

काकाची जीभ झटक्यानंतर थोडी जड झाली होती, पण बोलणं समजायचं. तो म्हणाला, "वाईट वाटतं. तुम्हाला बघायचं होतं ना? बघा."

"सहा वर्षं," आई म्हणाली. "सहा वर्षं मी त्यांना उचललं. तुमच्या ह्या खडीतून. माझ्या मुलीनं उचललं. मी पट्टा मोकळा केला तर तुम्ही तो परत बुजवलात. सख्ख्या भावाची वाट बुजवलीत."

"त्यानंच बुजवायला सांगितली," काका म्हणाला.

काका खडीकडं बघत बोलत राहिला. "तुम्ही दुकानात गेलात की तो मला खिडकीतून हाक मारायचा. पट्टा मोकळा केलाय तिनं, म्हणाला, सारखा कर परत. खडीसुद्धा त्यानंच मागवली. त्याला कुठंही जायचं नव्हतं, वहिनी. शिडीवर उभा राहायचा तो माणूस. ज्यांनी मान वर करून बघितलं त्यांनी आता खाली वाकून बघायचं, हे त्याला सोसणार नव्हतं. आणि तुम्हाला नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती. तुम्ही इतक्या उत्साहात होतात."

"खोटं," आई म्हणाली. "मेलेल्या माणसावर ढकलताय."

"मुठीएवढी खडी महाग असते," काका म्हणाला. "बारीक निम्म्यात मिळत होती. तुम्ही मला ओळखता. मी स्वस्त सोडून महाग माल घेईन का? मी बारीकच आणणार होतो. तो म्हणाला, बारीक टाकलीस तर ती कशीतरी ढकलत नेईल. वरचा फरक त्यानं भरला."

हे ऐकलं आणि मला कळलं की हे खरं आहे. काकाबद्दल काहीही सांगा मी विश्वास ठेवीन, पण तो स्वतःच्या खिशातून जास्त पैसे देऊन कुणाचं वाईट करेल, हे शक्य नाही. आईलाही कळलं. तिची मान ताठ होती ती तशीच राहिली, फक्त तिनं एक हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला.

"रोज संध्याकाळी ते तुम्हाला शिव्या द्यायचे," ती म्हणाली.

"ऐकू यायच्या मला. ठरलंच होतं तसं. मला काँक्रीटचे निम्मे पैसे द्यायचे नव्हते, त्याला बाहेर जायचं नव्हतं. दोघांचं भागलं."

"आणि उचलत मी होते."

"हो."

"मग आजवर का नाही बोललात?"

"शब्द घेतला होता त्यानं."

"मग आज का मोडला?"

काका पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं बघत म्हणाला, "मला चौकात जायचंय, वहिनी."

मी खुर्चीकडं निघाले होते, कशाला ते माहीत नाही. आई म्हणाली, "राहू दे." ती आत निघून गेली. काकू बाजारातून आली, तिनं शेजारच्याला बोलावलं, दोघांनी काकाला उचलून घरात नेलं. मी पायरीवरच बसून राहिले. शेंगा तशाच राहिल्या.

संध्याकाळी आई म्हणाली, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "उचलताना डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं दुखतंय. मी म्हणायचे, झालंच हं, आलंच गेट. आणि हा माणूस मनात म्हणत असणार, कधी परत फिरते ही." मग तिनं बाबांना एक शिवी दिली. माझ्या आईच्या तोंडी ती शिवी मी कधी ऐकली नव्हती. मग परत दिली. मला बाबांचा इतका राग आला की मी त्यांच्या खिडकीची कडी लावून टाकली. काकाचा राग करायला निदान काका तरी होता. ह्यांना कुठं गाठणार?

दुसऱ्या दिवशी आईनं ठेकेदाराला बोलावलं. तो बिचारा आठवा नमुना काखेत मारून आला. आईनं तो बघितलासुद्धा नाही. भिंतीशी मांडलेल्यांतला एक साधा करडा, विटेच्या आकाराचा ब्लॉक पायानं पुढं सारला. "हा. पण वरच्या कडा तासलेल्या नकोत, सरळ हव्यात, म्हणजे खुर्ची खडखडणार नाही. आणि फटी बारीक."

ठेकेदार बघतच राहिला. म्हणाला, "काँक्रीट केलंत तर त्याहून गुळगुळीत होईल, बाई."

"काँक्रीट नको," आई म्हणाली. "त्याच्याखाली काय चाललंय ते कळत नाही. हे कधीही उचलून बघता येतं."

सगळं ठरायला एक फ्रेम निवडण्याइतकाही वेळ लागला नाही.

पैशांची वेळ आली तेव्हा काकू पाकीट घेऊन आली. मागून काकानं खिडकीतून जड जिभेनं सांगितलं, "वहिनी, सगळे आहेत त्यात. तुमचा वाटा नको. सगळे मी देतो." काकानं असं म्हणावं, म्हणजे त्याच्या आयुष्यातला तो मोठाच दिवस असणार. काकूच्या डोळ्यांत पाणी होतं. मलासुद्धा क्षणभर वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

आईनं पाकीट उघडलं, निम्मे पैसे मोजून काढले आणि उरलेले काकूच्या हातात परत ठेवले. मग खिडकीशी जाऊन म्हणाली, "सगळे दिलेत तर फिटलं असं वाटेल तुम्हाला, भाऊजी. निम्मेच द्या." आपले निम्मे तिनं कपाटातून आणून ठेकेदाराला दिले. त्या पाकिटावरची काकाची नजर मला दिसली, आणि पैसे परत आल्याचा आनंद तिच्यात नव्हता. बँकेतला माणूस तो, त्याला बरोबर कळलं.

काम चालू झालं. खडी उचलून ट्रकमध्ये भरताना इतका आवाज झाला की गल्लीतले लोक बाहेर येऊन बघत उभे राहिले. आई खुर्ची टाकून समोरच बसली होती. खाली भराव घालून तो रोलरनं दाबला, वर दगडाची बारीक कच पसरली, मग एकेक ब्लॉक ठोकत बसवला. बाबांच्या खिडकीसमोर पोचले तेव्हा आई उठून घरात गेली आणि तेवढा भाग झाल्यावर परत आली.

वाट तयार झाली त्या सकाळी काकू काकाला बाहेर काढत होती. अंगात इस्त्रीचा सदरा, केस विंचरलेले, शाळेला निघालेल्या पोरासारखा दिसत होता. आई पुढं झाली आणि काकूला म्हणाली, "बाजूला सर. आज मी नेते."

काकूनं घाबरून काकाकडं बघितलं. काका म्हणाला, "नेऊ दे."

मी मागोमाग गेले. आई काही करेल अशी मला भीतीच होती. खुर्ची त्या ब्लॉकांवरून अशी गेली की चाकाचा आवाजसुद्धा येईना. गेट आलं, रस्ता आला, चौक आला. बाकावरचे म्हातारे उठून उभे राहिले. कुणी हात हलवला, कुणी नावानं हाक मारली. काकाचा चांगला हात वर गेला. पण आई बाकापाशी थांबली नाही. ती खुर्ची सरळ ढकलत औषधाच्या दुकानासमोर घेऊन गेली. वर बाबांची पाटी. लाल अक्षरं, पांढरी सावली, कोपऱ्यात त्यांची बारीक सही. इतक्या वर्षांत रंग थोडा उडालाय, पण अक्षर ताठ.

आईनं खुर्ची पाटीखाली उभी केली आणि मान वर केली. दुकानातले, बाकावरचे, येणारेजाणारे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती त्या पाटीशी बोलली. "बघा. इतकाच रस्ता होता. माझी कंबर गेली तरी मला चाललं असतं. तुम्ही नुसतं सांगायचं होतं, मला नाही जायचं. मी त्या खिडकीशी तुमच्याजवळ बसले असते. सहा वर्षं बसले असते. मी तुम्हाला उचलायला दुकानातून धावत यायचे, आणि तुम्ही माझ्याविरुद्ध खडी टाकून घेतलीत."

काका मान खाली घालून रडत होता. त्याचा डावा हात मांडीवर निर्जीव पडला होता आणि उजव्यानं त्याला डोळे पुसायचंही सुचत नव्हतं. आईनं त्याच्याकडं बघितलं नाही. औषधवाला बाहेर येऊन म्हणाला, "वहिनी, आत बसता का? पाणी देऊ?"

"नको," आई म्हणाली. "अजून बेकरीची पाटी राहिलीय. मग सायकलवाल्याची. त्यांना सगळीकडं सांगायचंय." तिनं खुर्ची वळवली आणि काका तिच्या हाताखाली मुकाट्यानं चालला.